उपभोगाधिष्ठित मत्ता-मूल्यनिर्धारण

कुटुंबे आज किती खर्च करतात आणि पुढच्या काळासाठी किती राखून ठेवतात, या निर्णयांवरून शेअर, रोखे इत्यादी मत्तांच्या किमतींचा उलगडा करणारा अर्थशास्त्रीय सिद्धांत.

मार्क रुबिनस्टाइन (१९७६), रॉबर्ट ल्यूकस (१९७८) व डग्लस ब्रीडन (१९७९) यांच्या लेखनातून तो आकाराला आला. त्याची मूळ अट अशी : मत्ता खरेदीसाठी आज सोडलेल्या उपभोगाची सीमांत उपयोगिता ही तिच्या परताव्यातून उद्या मिळणाऱ्या अपेक्षित, वटवलेल्या सीमांत उपयोगितेइतकी असते (पहा : सीमांत उपयोगिता). त्यामुळे मत्तेची जोखीम केवळ तिच्या किमतीच्या चढउतारावर ठरत नाही. परतावा उपभोगाच्या जोडीने किती हलतो, यावर ठरते. मंदीत, म्हणजे हात आखडता घ्यावा लागतो नेमका तेव्हाच कोसळणारा शेअर स्वस्त असतो व त्याचा अपेक्षित परतावा जास्त असतो; अशा वेळी टिकून राहणारी मत्ता विम्यासारखी महाग पडते.

रजनीश मेहरा व एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेची १८८९–१९७८ या काळातील आकडेवारी तपासली. शेअरांचा सरासरी वास्तव वार्षिक परतावा सु. ७%, तर अल्पमुदती सुरक्षित रोख्यांचा १ टक्क्याहून कमी आढळला. उपभोगातील चढउतार मात्र इतके सौम्य होते की, त्यांच्या प्रतिमानातून ०·३५ टक्क्यापेक्षा अधिक तफावत निघेना (पहा : जोखीम-अधिमूल्य). या कोड्यावर खर्चाची जडलेली सवय (कॅम्पबेल व कॉक्रन, १९९९), दीर्घकालीन वाढीची अनिश्चितता (बन्सल व यारॉन, २००४) आणि दुर्मीळ आर्थिक संकटे (रिट्झ, १९८८; बॅरो, २००६) अशी स्पष्टीकरणे मांडली गेली, पण एकमत झालेले नाही.