कोशातल्या शब्दाला भाव कसा आला

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डोमेन नावांची व्यवस्था आखली ती जाळ्यावरील संगणकांच्या नावांची एकच मध्यवर्ती यादी सांभाळणे जड जाऊ लागले म्हणून. विक्रीचा विचार त्यात नव्हता. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकी संगणक कंपनीने पहिले डॉट कॉम नाव नोंदवले. पुढची दहा वर्षे नोंदणी फुकट होती. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले.

त्या काळी शोधयंत्रे कच्ची होती. विमा हवा असलेला माणूस थेट ‘इन्शुरन्स डॉट कॉम’ टाइप करून पाही. त्यामुळे कोशातला साधा शब्द म्हणजे भर चौकातला गाळा ठरला. जाहिरात न करता गिऱ्हाईक दारात येई. भाव ठरवण्याचे पहिले माप हेच होते : आपणहून किती लोक येतात? मार्क ऑस्ट्रॉफ्स्की यांनी दीड लाख डॉलरना घेतलेले बिझनेस डॉट कॉम १९९९ साली ७५ लाखांना विकले गेले.

इंटरनेट कंपन्यांच्या शेअरमधल्या तेजीचा डॉट कॉम फुगा फुटल्यावर दुसरे माप आले. रिकाम्या पानावर जाहिराती लावायच्या आणि त्यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या पटीत किंमत सांगायची. २०१२ साली गूगलने, केवळ नाव शोधशब्दाशी जुळते म्हणून वर येणाऱ्या सुमार संकेतस्थळांना खाली ढकलले आणि त्या हिशेबालाही धक्का बसला. उरले तिसरे माप : एखाद्या उद्योगाला ब्रँड म्हणून तो शब्द किती हवा आहे? २०१९ साली ब्लॉक डॉट वन कंपनीने व्हॉइस डॉट कॉमसाठी तीन कोटी डॉलर मोजले ते याच गरजेपोटी.

आज जाणकार आधी तशाच नावांचे जुने सौदे पाहतात. मग शब्द फोनवर ऐकून बिनचूक लिहिता येतो का, त्यामागे पैसा फिरणारा धंदा आहे का, शेवटी डॉट कॉम आहे की दुसरे काही, हे तपासतात. कायदाही बघावा लागतो. १९९९ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय तंटा-नियमांनुसार कोशातला शब्द त्याच्या नेहमीच्या अर्थाने वापरणाऱ्याची बाजू भक्कम असते; दुसऱ्याच्या नावाजलेल्या ब्रँडवर डोळा ठेवून घेतलेले नाव मात्र हातचे जाऊ शकते.

नावांचे मोल काढणारी संगणकीय साधने क्षणात किंमत सांगतात, पण ती जुन्या सौद्यांवरून. उद्याचा खरेदीदार त्यांना दिसत नाही, आणि नूतनीकरणाचे पैसे तर दरवर्षी भरावेच लागतात. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हा शेवट मिळतो, त्यामुळे मराठी शब्दही नोंदवता येतात. त्यांना इंग्रजी डॉट कॉमचे भाव लावू नयेत. नाव घेण्याआधी कागदावर तीन खऱ्याखुऱ्या व्यवसायांची नावे लिहा, ज्यांना तो शब्द विकत घ्यावासा वाटेल. तीन नावे सुचली नाहीत, तर पैसे खिशातच ठेवा.