मध्ययुगीन इंग्लंडमधील आहार : सरदाराचे ताट आणि मजुराची भाकरी

युरोपीय लोकांना नासक्या मांसाची चव लपविण्यासाठी मसाले हवे होते, असे विधान इतिहासाच्या वर्गात आजही सर्रास केले जाते. तपासून पाहता ते टिकत नाही. ज्याला मिरी परवडे, त्याला ताजे मांस त्याहून सहज परवडत असे. मलबारची मिरी एडन, कैरो, अलेक्झांड्रिया अशी मजल करीत कारिमी व्यापाऱ्यांकडून व्हेनिसच्या सौदागरांच्या हाती पडे, आणि टप्प्याटप्प्यावर जकात व नफा तिच्यावर चढत जाई. मसाला ही प्रतिष्ठेची खूण होती.

राजा दुसरा रिचर्ड याच्या खानसाम्यांनी इ.स. १३९० च्या सुमारास तयार केलेल्या ‘द फोर्म ऑफ क्यूरी’ या पाककृतिसंग्रहात कोंबडी, तांदूळ, बदामाचे दूध व साखर यांचा एक पांढरा पदार्थ आढळतो. भात आणि ऊस ही पिके अंदलुस व सिसिलीत रुजविली ती अरबांनी. ‘शुगर’ हा शब्ददेखील अरबी ‘सुक्कर’वरूनच गेला, आणि त्याचे मूळ आपल्या ‘शर्करे’त आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांस, अंडी, दूध वर्ज्य असे. हा उपवास आपल्या रोज्याप्रमाणे वेळेचा नव्हता, प्रामुख्याने पदार्थांचा होता. त्यामुळे श्रीमंतांना बदामाचे दूध आणि ताजी मासळी यांची वाट मोकळी राहत असे. गरिबाच्या वाट्याला खारवलेला हेरिंग मासा येई.

शेतकऱ्याचे मुख्य अन्न म्हणजे जव किंवा राय यांची जाडीभरडी पावरोटी, वाटाणे-कांदा-कोबी यांचे घट्ट कालवण आणि जवाची बिअर. बटाटा, टोमॅटो, मिरची हे १४९२ नंतरचे पाहुणे. कुळांना दळण बहुधा जमीनदाराच्याच गिरणीत न्यावे लागे आणि दळणावळ म्हणून धान्याचा वाटा तेथेच कापला जाई. १३१५ ते १३१७ या काळात अतिवृष्टीने पिके बुडाली, तेव्हा हजारोंनी लोक भुकेने मेले.

हे ताट बदलले ते धन्याच्या कृपेने नव्हे. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या नष्ट झाली आणि मजूर दुर्मिळ झाला. नॉरफोकमधील सेजफर्ड येथील जमीनदारीचे हिशेब या दृष्टीने बोलके आहेत. इतिहासकार ख्रिस्तोफर डायर यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. १२५६ मध्ये कापणीच्या मजुरांना मुख्यतः जवाची पावरोटी मिळे, मांस नावापुरते. १४२४ मध्ये पावरोटी गव्हाची झाली होती, आणि अन्नखर्चाचा सुमारे चौथा हिस्सा मांसावर पडत होता.

सत्ताधाऱ्यांना हे रुचणारे नव्हतेच. १३५१ च्या कायद्याने मजुरी प्लेगपूर्व दरावर बांधून ठेवण्याचा प्रयत्न झाला. १३६३ च्या कायद्याने तर नोकरचाकरांना दिवसातून एकदाच मांस वा मासे द्यावेत, बाकी दूध, लोणी, चीज यांवर भागवावे, असे ठरविले. ‘एकदाच’ असे लिहावे लागले, यावरून ते दिवसातून किती वेळा मांस खाऊ लागले होते याची कल्पना येते. हा कायदा पुढच्याच संसदेत मागे घ्यावा लागला.