उंबरठ्यावर अडलेला संगणक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२००४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या नांदगावात विजेचं जाणं-येणं चालू होतं. मी त्या दिवसांत माझ्या खालाच्या तोंडची हळदीची गाणी संगणकावर उतरवून घेत होतो. कोकणी मुसलमानांच्या घरांत लग्नाच्या वेळी बायका म्हणतात, ती गाणी. चाळीसेक झाली होती. एका सकाळी संगणक सुरू केला, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ : 'एनटीएलडीआर इज मिसिंग'.

डबा गोणपाटात गुंडाळला आणि एसटीनं तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला. तिथला मुलगा म्हणाला, "भाई, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल." मी म्हटलं, "मार." संध्याकाळी संगणक नव्यासारखा झाला. गाणी मात्र गेली. पुढच्याच वर्षी खालाही अल्लाघरी गेली.

त्या मुलाचा दोष तेवढाच माझाही. तो काय करणार आहे, हे मी विचारलं नाही आणि यात काय आहे, हे मी सांगितलं नाही. गाणी तर त्या सकाळी डिस्कवर शाबूत असणार होती. बिघडला होता तो फक्त उंबरठा. या उंबरठ्याचा इतिहास मला पुष्कळ उशिरा कळला. तो आज तुम्हांला सांगतो.

संगणक बंद असताना त्याला काहीच ठाऊक नसतं. काम करायचं तर स्मृतीत प्रोग्राम हवा आणि प्रोग्राम आणायचा तर तो आणणारा दुसरा प्रोग्राम आधी हवा. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली घरात! स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलावं, अशा अर्थाचा इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे. त्यावरून या जागं होण्याला 'बूट' होणं हे नाव पडलं. जुन्या काळी कित्येक यंत्रांवर माणसं पहिल्या काही सूचना एकेक बटण खालीवर करून हातानं भरत. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला. त्याच्यात ही पहिली जाग एका चिपमध्ये कायमची कोरलेली होती. तिचं नाव बायॉस.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमच्या एक्सटी संगणकासोबत दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. तेव्हा ठरलेली रीत पुढं तीसेक वर्षं चालली. बायॉस डिस्कचा सर्वांत पहिला कप्पा उघडतो. तो फक्त ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत त्या नोंदीसाठी आणि शेवटचे दोन खुणेसाठी. आजच्या युनिकोडात देवनागरीचं एक अक्षर किंवा एक मात्रा तीन बाइट खाते. त्या हिशेबानं या कप्प्यात १७० चिन्हं मावतील, म्हणजे जेमतेम चार ओळींची कविता. तेवढ्या जागेतला मजकूर पुढच्या प्रोग्रामला हाक देतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि असं करत विंडोज उभं राहतं. माझ्या पडद्यावरचा 'एनटीएलडीआर' हा या साखळीतला एक दुवा. तो सापडत नाही, एवढंच संगणक सांगत होता. घर जळालं, असं तो म्हणत नव्हता.

घरात शिरायचं तर उंबरठा ओलांडावा लागतो, हे चोरांनाही कळतं. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी केलेला 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात बसे. आत त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता! पुढं १९९१ साली 'मायकेलअँजेलो' सापडला. तो हार्ड डिस्कचा पहिला कप्पा बळकावून मूळ मजकूर जवळच्या दुसऱ्या कप्प्यात सरकवून ठेवी. वर्षभर गप्प राही आणि ६ मार्चला, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, डिस्कवर केरकचरा लिहून टाकी. १९९२ साली जगभर त्याचा बोभाटा झाला. भाकितं लाखोंची होती, प्रत्यक्षात संगणक बिघडले काही हजार. एरवीच्या दिवशी मात्र उपाय सोपा होता. सरकवलेला मजकूर शोधायचा आणि जागेवर ठेवायचा. फॉरमॅटची गरजच नव्हती.

हे ओळखणारी माणसं आपल्याकडंही होती. मूळ सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढं ते संगणकाच्या दुरुस्तीकडं वळले. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी यंत्रांना व्हायरस लागलेला असे. त्यांचे धाकटे बंधू संजय मॉडर्न कॉलेजात संगणक शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातूनच १९९५ साली 'क्विक हील' उभं राहिलं. डिस्क पुसून मोकळं होणं सोपं होतं, या भावांनी मात्र दुखणं शोधायचा रस्ता धरला.

तुम्ही म्हणाल, हे जुन्या फ्लॉप्यांच्या जमान्यातलं. तर २७ जून २०१७ आठवा. 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसनं त्याच पहिल्या कप्प्यावर कब्जा केला. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे संगणक जगभर आडवे झाले आणि आपल्या नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. मर्स्कला सुमारे ४५ हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले. सगळ्या जाळ्याची ओळख ठेवणारे सर्व्हर जागोजागी होते, पण सगळे एकमेकांशी जोडलेले, म्हणून सगळे गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का, तर त्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून! आम्हां नांदगावकरांना या गोष्टीचं मोठं कौतुक वाटतं. विजेच्या जाण्यानं कुणाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आता नव्या संगणकांत बायॉसच्या जागी यूईएफआय आलं आहे. डिस्कच्या भागांची नोंद आता दोनदा ठेवतात, एक डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटी. पहिली बिघडली तर दुसरीवरून सावरता येतं. यंत्र बनवणारे ठेच लागून शहाणे झाले. आपणही व्हावं.

संगणक काळ्या पडद्यावर अडला, तर आधी ती ओळ नीट वाचा, कागदावर उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह लावलेला राहिला असेल तर काढा. तो चुकून त्यावरूनच जागं व्हायला बघत असतो. पूर्वी फ्लॉपी विसरली तरी हेच होई. मग बायॉसच्या यादीत डिस्क दिसते का, ते पाहा. डिस्क कटकट आवाज करत असेल तर लगेच बंद करा. तो उंबरठ्याचा नव्हे, भिंतीचा आजार. आवाज नसेल, तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहायला सांगा. बहुतेक वेळा सगळं आत जागच्या जागी असतं. डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तिची किल्ली आधी शोधा. आधी नक्कल काढा, मगच दुरुस्ती. आणि दुकानदार 'फॉरमॅट' म्हणाला, तर होकार देण्याआधी एवढंच विचारा : "आतलं काढून घेतलं का?"

मी ते विचारलं नव्हतं. खालाच्या गाण्यांतली सात-आठ गाणी पुढं गावातल्या बायकांना विचारून मी पुन्हा लिहून घेतली. या खेपेला कागदावर लिहिली, संगणकावर उतरवली आणि एक प्रत मुलीच्या सासरी ठेवली. बाकीची तीसेक गाणी आता कुणाच्याच तोंडी नाहीत.