चिखलातून आलेली लक्ष्मी

भाद्रपदात पुण्याकडे ज्येष्ठागौरी बसतात. आपल्या विदर्भात त्यांनाच ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीतील आपल्या कुटुंबांना शेजारघरून बोलावणे येते, आणि ही देवता मूळची कोण, असे मुले विचारतात. (जेवणाचा प्रश्न वेगळा, त्याविषयी संत पौलाने करिंथकरांस लिहिलेच आहे.) ‘पैशाची देवी’ एवढ्या उत्तराने आमचे समाधान होत नाही.

ऋग्वेदात ‘लक्ष्मी’ हा शब्द एकदाच येतो, आणि तोही देवीचे नाव म्हणून नव्हे. तेथे त्याचा अर्थ शुभ खूण, लक्षण. ‘श्री’ मुळात निराळी. शतपथ ब्राह्मणात ती प्रजापतीपासून प्रकट होते आणि देव तिचे अन्न, राज्य, तेज एकेक करून हिरावून घेतात. समुद्रमंथनातून वर येऊन विष्णूला वरणारी लक्ष्मी ही पुढची, महाभारत-पुराणांतील.

आम्हांस विशेष वाटते ते श्रीसूक्ताचे. ऋग्वेदाच्या या परिशिष्टात श्री आणि लक्ष्मी एक झाल्या आहेत. तेथे सोने, घोडे, हत्ती आहेत. पण तिचा संबंध शेणाशीही जोडला आहे, आणि तिच्या पुत्रांची नावे आहेत कर्दम व चिक्लीत, म्हणजे चिखल आणि ओल! ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे आषाढात गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बायांना याचे भाष्य नको. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील भरहूतच्या बौद्ध स्तूपावरही ती कमळावर उभी आहे आणि दोन हत्ती तिच्यावर पाणी ओतीत आहेत. हत्ती म्हणजे पावसाळी मेघ, असा अर्थ अभ्यासक लावतात. ती एकाच धर्माची कधीच नव्हती.

पुराणांत ज्येष्ठा ही थोरली बहीण अलक्ष्मी, दारिद्र्याची देवता. विदर्भातील घरांत मात्र ज्येष्ठा आणि कनिष्ठा शेजारी शेजारी बसतात. पुरणपोळीबरोबर ज्वारीची आंबीलही नैवेद्यात असते.

अथर्ववेदात तर लक्ष्म्या अनेक. त्या मनुष्याबरोबरच जन्मतात, आणि त्यांतील पापी लक्ष्मीने निघून जावे, भलीने राहावे, अशी प्रार्थना आहे. संपत्ती आली एवढ्याने ती चांगली ठरत नाही, हे त्या ऋषींनी ओळखले होते. अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशेही, धान्याने भरलेल्या घरात आपल्या बाहुबलाचा गर्व करू नका, असे इस्राएलास बजावतो.

नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात एकेक लोंबी निवडून ‘एचएमटी’ धान तयार केले. ते अनेक राज्यांत पिकले, कितीकांची कोठारे भरली. दादाजी २०१८ मध्ये हलाखीतच वारले.