नाद आणि निवाडा

भरवशाच्या माणसाला आपण ‘खणखणीत नाणे’ म्हणतो. हा शब्द सराफाच्या पेढीवरचा. सराफ रुपया दगडावर वाजवून पाही. पण नाद ऐकून तो थांबत नसे. वजन करी, कडा न्याहाळी, शंका वाटल्यास कसोटीवर कस लावी आणि मगच बोले. नाद ही साक्ष होती, निवाडा नव्हे. पुढे ह्या कामाला विजेचे यंत्र आले आणि हा भेद पुसट होऊ लागला. आम्ही कामगार चळवळीतली माणसे, शास्त्राचे पदवीधर नव्हे. परंतु हा भेद पुसला गेला म्हणजे काय होते ते आम्हांस ठाऊक आहे. म्हणून ह्या यंत्राची हकीगत आपल्यापुढे मांडतो.

इ. स. १८७९ मध्ये लंडनला डेव्हिड ह्यूज ह्या संशोधकाने एक विजेचा तराजू रचला. तारेची अगदी सारखी वेटोळी, त्यांतून खेळणारी वीज आणि कानाला टेलिफोन, एवढीच सामग्री. दोन्ही बाजूंस सारखीच शिलिंगे ठेवली तर टेलिफोन गप्प. एखादे झिजलेले वा खोटे असले की आवाज आलाच! पण यंत्र एवढेच सांगे, की ही दोन सारखी नाहीत. त्यांतले खरे कोणते, हे ठरवायला खात्रीचे नाणे आणि जाणता माणूस लागे.

दोनच वर्षांनी ह्या यंत्रापुढे एका माणसाच्या प्राणाचा प्रश्न उभा राहिला. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कोठे रुतली, हे कळेना. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी तसाच तराजू सुधारून आणला आणि २६ जुलै व १ ऑगस्ट असे दोनदा अध्यक्षांच्या अंगावरून फिरवला. दुसऱ्या वेळी क्षीण आवाज आला, पण एका ठिकाणी नव्हे, बऱ्याच भागावर. मागाहून कळले, की गादीखाली पोलादी तारांचे जाळे होते! शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांचे मत पक्के होते, की गोळी उजवीकडेच आहे; म्हणून शोधही उजवीकडेच झाला. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे मिळाली. मृत्यू मुख्यतः जखमेत जंतू शिरल्याने झाला, असे आजचे वैद्यक मानते. तेव्हा गोळी मिळती तर ते वाचतेच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु वरिष्ठाने उत्तर आधी ठरवावे आणि मग यंत्राला प्रश्न विचारावा, हा प्रकार आम्हांस फार ओळखीचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी कोसात्स्की यांनी सैनिकाला हातात धरून चालता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले. १९४२ साली अल अलामीनच्या वाळवंटात ते कामी आले. युद्धानंतर अशी यंत्रे सामान्य माणसाच्या हाती आली आणि नाणी व दागिने शोधण्याचा छंद फोफावला.

आजच्या यंत्रावर आवाजाबरोबर अंकही उमटतो. वेटोळ्यातल्या विजेने जमिनीतल्या धातूतही वीज भोवंडते, तिचा उलटा परिणाम यंत्राला जाणवतो आणि तो किती मागे पडतो यावरून अंक ठरतो. सामान्यतः लोखंड तळाला, चांदीची व तांब्याची जाड नाणी वर. मग सोने कोठे? येथेच भले भले फसतात. शुद्ध सोने विजेचे उत्तम वाहक खरे. पण दागिन्यात दुसरी धातू मिसळली, की हा गुण बराच घटतो. बारीक अंगठीचा अंक चांदीच्या कागदाजवळ किंवा शीतपेयाच्या डब्याच्या कडीजवळ येतो. नाजूक साखळीची कडी न् कडी सुटी, म्हणून ती यंत्राला धड जाणवतच नाही. नाणे खिळ्याशेजारी पडले तर खिळा त्याला झाकतो. म्हणजे अंक धातूचा गुण आणि आकार यांचा मिळून असतो, किमतीचा नसतो.

आपल्या रुपयाचेच पाहा. इंग्रजी अमलात त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. १९४० मध्ये ती निम्म्यावर आली, १९४७ मध्ये चांदी जाऊन निकेल आले आणि १९९२ मध्ये स्टेनलेस स्टील. यंत्राला ‘लोखंड वगळ’ म्हणावे, तर हा पोलादी रुपयाही वगळला जाण्याचा संभव. नाव एकच, साक्षी चार!

उलट, सावधपणाचे फळही पाहा. १९९२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडातील हॉक्सन गावी एरिक लॉज हे गृहस्थ एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते. निघाली रोमन काळातली नाणी! त्यांनी हावरेपणाने सारे उकरले नाही. हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुराणवस्तुतज्ज्ञांनी पद्धतशीर खोदले, तेव्हा सुमारे १५,००० नाणी व दागिने जागच्या जागी अभ्यासता आले. आपल्याकडेही १८७८ चा कायदा सांगतो, की दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला कळवावे.

आता हेच यंत्र दागिन्यांच्या कारखान्यांत सुटीच्या वेळी कामगारांच्या अंगावरून फिरते. एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, ते एका भगिनीपाशी वाजले. सर्वांदेखत तिला चोर म्हटले गेले. झडतीत निघाला अंबाड्यातला आकडा. आकडा सापडला, पण उच्चारलेला शब्द कोणी मागे घेईना. आमची मागणी साधी होती: यंत्र वाजल्यास झडती आडोशाला व्हावी, बाईची झडती बाईनेच घ्यावी, कामगारांचा साक्षीदार हजर असावा आणि वस्तू डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणी आरोपाचा शब्द काढू नये. पुष्कळ भांडल्यावर ती मान्य झाली.

यंत्रावर आमचा राग नाही. ते बिचारे ‘येथे धातू आहे’ एवढेच म्हणते, आणि ते बहुधा खरेच असते. ‘चोर’ हा शब्द त्याच्या तोंडचा नव्हे. तो माणसाने घातलेला असतो आणि त्याचा जाबही माणसालाच विचारला पाहिजे.