सहा अंकांचें गांव

महाराष्ट्रांतील गांवांनीं आपलीं नांवें पुष्कळदां झाडांपासून घेतलीं आहेत. वड, पिंपळ, बाभूळ यांच्याप्रमाणेंच टेंभुर्णीच्या झाडानेंही कांहीं गांवांस नांव दिलें. एक टेंभुर्णी पुणें-सोलापूर हमरस्त्यावर, माढा तालुक्यांत आहे; दुसरी जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यांत. बोलणाऱ्यास “कोणती टेंभुर्णी?” असें विचारतां येतें. टपालाच्या थैलीस तसें विचारतां येत नाहीं.

ही अडचण एका गांवापुरती नव्हती. देशांत भाषा अनेक, लिप्या अनेक आणि एकाच नांवाचीं गांवेंही अनेक. इतर देशांनींही अशा वेळीं अंकांचाच आश्रय केला होता. जर्मनीनें १९४१ सालीं टपालासाठीं अंक योजिले, अमेरिकेनें १९६३ सालीं. भारतांत ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं अंमलांत आली. तिचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयांतील वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे नामांकित कवीही होते.

या सहा अंकांपैकीं प्रत्येकाचें स्थान ठरलेलें आहे. पहिला अंक देशाचा मोठा विभाग सांगतो. ४ या अंकांत महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. दुसऱ्या अंकानें हें क्षेत्र आणखी आंखूड होतें, तिसऱ्यानें टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन अंक वांटपाच्या कचेरीपर्यंत नेतात. माढा तालुक्यांतील टेंभुर्णी ती ४१३२११. जालन्याकडील टेंभुर्णीच्या संकेताचा आरंभ मात्र ४३१ असा होतो. १ आणि ३ यांनीं जागा बदलल्या कीं पत्र भीमेच्या खोऱ्यांतून थेट मराठवाड्याची वाट धरतें! सोळाव्या शतकांतील सूर्यकवीचें रामकृष्णविलोमकाव्य सुलट वाचलें तर रामकथा सांगतें, उलट वाचलें तर कृष्णकथा. तेथें क्रम बदलण्यांत कौतुक आहे. टपालांत त्याच बदलापायीं एखाद्या उमेदवाराच्या मुलाखतीचें बोलावणें मुलाखत उरकल्यावर हातीं पडावयाचें.

आतां पुष्कळ पत्ते हातानें लिहिले जात नाहींत. संगणकांतील यादीवरून शेंकडों लेबलें एका दमांत छापलीं जातात, आणि येथें एक जुनाच भेद नव्यानें महत्त्वाचा ठरतो. पिन हे अंक आहेत. ती संख्या नव्हे. दोन पिनांची बेरीज कोणी करीत नाहीं. तें अंकांनीं लिहिलेलें नांवच आहे. परंतु यादींतील रकाना संख्येचा ठरविला, तर यंत्र त्यास संख्येचे संस्कार करतें आणि लेबलावर ४,१३,२११ असा लाखांचा हिशेब उमटूं शकतो. भारतांत पिनाचा पहिला अंक कधींच शून्य नसतो, म्हणून येथें हानि एवढ्यावरच थांबते. अमेरिकेंतील बोस्टन शहराचा एक संकेत ०२१०८ आहे. संख्या समजून यंत्र त्यांतील आरंभींचें शून्य गाळून टाकतें आणि पांच अंकांचे चारच उरतात.

उपाय सोपा आहे, पण तो छपाईच्या आधीं, मूळ यादींतच करावा लागतो. पिनाचा रकाना प्रथमपासून मजकुराचा ठेवावा. कोठें ४१३२११ तर कोठें ४१३ २११ असें न लिहितां सर्वत्र सहा अंक सलग ठेवावे. तिसऱ्या अंकानंतरची मोकळी जागा हवी असल्यास ती छापतांना द्यावी. ज्या ओळींत सहाहून कमी वा अधिक अंक असतील त्या वेगळ्या काढाव्या. शेवटीं पहिले तीन अंक जिल्ह्याच्या नांवाशीं ताडून पाहावे. सोलापूर जिल्ह्यासमोर ४३१ दिसले, तर ती ओळ छापण्यापूर्वीं दुरुस्त झाली पाहिजे.

एवढें झाल्यावरही पत्त्यांतून तालुका व जिल्हा गाळूं नये. अंकांत चूक राहिलीच, तर टपालकचेरींतील माणसास टेंभुर्णी कोणती, हें त्याच दोन शब्दांवरून ओळखतां येतें.