चुलीचा धूर आणि सरपणाचा इतिहास

आपल्याकडील इतिहासलेखन चंद्रपूरकडे वळते तेव्हा ते गोंड राजांचा परकोट पाहते, महाकालीचे देऊळ पाहते, कोळशाच्या खाणी मोजते. त्या परकोटापासून दूर, जंगलाच्या कडेला ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चूल धुपत राहिली, त्यांच्या वाट्याला या इतिहासात पान आलेले नाही. ते पान चुलीपासूनच उघडावे लागेल.

आमच्या घरात पदवीचा कागद प्रथम माझ्या हाती आला. परंतु चूल का धुपते याचे शास्त्र माझ्या निरक्षर आईला पुरते ठाऊक होते. ती आधी राख पाही. राख तोंडापर्यंत साचली की लाकडाखालून वारा शिरत नाही आणि जाळ कोंडतो. मग ती भांडे पाही. बूड चुलीवर चपखल बसले तर धुराला वाट उरत नाही, तो उलटा घरात येतो. फट फार राहिली तर जाळ बाजूने निघून जातो आणि लाकूड फुकट जळते. तडा गेला तर वारुळाची माती, शेण आणि धानाचा कोंडा कालवून ती बुजवी. तेही चूल निवल्यावर, कारण तापलेल्या मातीवर लेप धरत नाही. एवढे करूनही धूर उरला तर म्हणे, "बापू, चूल नाही बिघडली. जळतन ओलं हाय."

जळतन ओले का होते? येथे घरातला प्रश्न संपतो आणि इतिहासाचा सुरू होतो.

लाकूड वाळवायचे तर ते उन्हाळ्यातच आणून रचावे लागते, पावसाआधी छपराखाली घ्यावे लागते. म्हणजे एकदम पुष्कळ आणण्याचा हक्क हवा. धावडा कडक जळतो, पळस धुपतो, हे साऱ्यांना माहीत. पण निवड करायलाही हक्कच लागतो. रोजची मोळी रोज आणणाऱ्या बाईने पावसाळ्यात वाळके लाकूड कोठून आणावे?

१८७८ च्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्राम असे भाग पाडले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ ने राखीव जंगलातून वनोपज उचलणे हा गुन्हा ठरवला. कलम ५२ ने मालासोबत कुऱ्हाड आणि गाडीही जप्त करण्याची मुभा दिली. मालगुजारी गावांत निस्तार होता, पण तो मालगुजाराच्या मर्जीने आणि वेठीच्या मोबदल्यात! १९५१ मध्ये मालगुजारी गेली, जंगल सरकारचे झाले. मालक बदलला, मोळीवाली तीच राहिली. पुढे इथला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला. १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि मिश्र जंगल तोडून सागाची लागवड होऊ लागली. सरपणाची वाट लांबत गेली. एकदा त्या वाटेवर आईची मोळी आणि कुऱ्हाड काढून घेतली गेली. त्या रात्री आमची चूल धुपली नाही, कारण ती पेटलीच नाही.

शासनाला आणि सुधारकांना दोष दिसला तो चुलीत. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली. १९५३ साली हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल मांडली. १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. हेतू चांगलाच होता. धुराडे धूर बाहेर नेते, डोळे आणि छाती वाचते. परंतु धुराड्यात काजळी साचते, ती नियमित काढावी लागते. नळा फुटला तर नवा विकत घ्यावा लागतो. ठराविक मापाच्या भोकावर घरातले भांडे बसेलच असे नाही. चूल बांधून देणारा निघून गेला की ही दुरुस्ती कोणी करायची? २००२ साली तो कार्यक्रम गुंडाळला गेला. २०१६ मध्ये उज्ज्वला आली, तेव्हा सिलिंडर दारात आला. तो पुन्हा भरायला रोकड लागते आणि मजुरीच्या घरात ती नेमकी नसते. मग बाई परत जंगलात जाते, आणि आज या दोन जिल्ह्यांत ती वाघाच्या तोंडीही जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र प्रश्न मुळाशी नेला. निस्ताराला त्याने हक्क म्हटले. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबर झाडोरा आणि खुंटेही घेतली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु याच कायद्यात आमच्यासाठी एक मेख आहे. जे अनुसूचित जमातीचे नाहीत त्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे राहून या जंगलावर जगल्याचे सिद्ध करायचे! ज्यांना अक्षर नाकारले, त्यांनी १९३० चा कागद कोठून आणावा?

तरीही नियमांनी एक दार उघडे ठेवले आहे. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन पुरावा म्हणून चालते. घर-झोपडीची खूणही चालते. म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे : आपल्या आजीजवळ बसा. तिची सासू कोणत्या पायवाटेने, कोणत्या नाल्यापलीकडून मोळी आणी. वाटेत काय द्यावे लागे. कोणत्या साली ती वाट बंद झाली, हे तारीखवार लिहून घ्या आणि ग्रामसभेसमोर ठेवा. आमच्या आयांच्या डोळ्यांत धूर गेला. त्यांच्या आठवणीही त्याच धुरात जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.